संरक्षण सुधारणांचं नक्की काय चाललंय, अंबरनाथ ते उरण

संरक्षण मंत्रालयाने २०२५ हे 'सुधारणांचं वर्ष' म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून थिएटर कमांड, सीडीएस, निगमीकरण (म्हणजे सरकारी खात्याची कंपनी करणं), अग्निवीर हे शब्द बातम्यांत सारखे येतायत, पण ज्याला विचारावं तो म्हणतो की हे दिल्लीतलं काहीतरी मोठ्या साहेबांचं प्रकरण आहे, आपला काय संबंध. संबंध आहे, आणि चांगलाच आहे. अंबरनाथला दोन ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, म्हणजे सैन्यासाठी सामान बनवणाऱ्या सरकारी फॅक्टऱ्या आहेत, तिथेच डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची नेव्हीसाठी संशोधन करणारी लॅब आहे, उरणला करंजाला नेव्हीचा तळ आहे, बाजूला न्हावा-शेवाचं बंदर आहे, आणि शहापूर-मुरबाडकडची कितीतरी मुलं पहाटे उठून भरतीसाठी धावतायत. ठाणे जिल्हा आणि नवी मुंबई मिळून या विषयात जेवढे गुंतलेत तेवढे देशातले फार कमी भाग गुंतले असतील, म्हणून हे सगळं एकदा नीट सोपं करून सांगावं असं फार दिवस मनात होतं.

या सगळ्या सुधारणांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असं माझं मत आहे. वेळ आली की हुकूम कोण देणार, आणि काही चुकलं तर जबाब कोण देणार? बाकी कमिट्या, कायदे, नवीन पदं, नवीन कंपन्या, सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

घोडबंदर रोडने रोज जाणाऱ्यांना हे लगेच कळेल. रस्ता एका खात्याचा, सर्व्हिस रोड दुसऱ्याचा, मेट्रोचं काम तिसऱ्याचं, ट्रॅफिक चौथ्याकडे, आणि खड्डा पडला की प्रत्येकजण आपापलं काम बरोबर केलंय असं कागदावर दाखवू शकतो पण खड्डा तिथेच राहतो. सैन्याचंही तसंच. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण लढाई ही तिघांच्या हद्दी बघून येत नाही.

आता थोडं मागे जाऊया. स्वातंत्र्यानंतर काही वर्षं प्रत्येक दलाचा प्रमुख कमांडर-इन-चीफ असायचा, १९५५ मध्ये ते नाव गेलं आणि तिघेही चीफ ऑफ स्टाफ झाले, तिघेही समान, तिघांच्या वर लष्करी माणूस कोणीच नाही, वर थेट मंत्री आणि मंत्रालय. हे मुद्दाम केलेलं होतं कारण आजूबाजूच्या देशांत लष्कराने सत्ता घेण्याची भीती खरी होती, आणि ती भीती चुकीची नव्हती हे शेजारी बघून कळतंच. १९६२ च्या धक्क्यानंतर यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले, संरक्षणमंत्री झाले, आणि त्यांनी सैन्य वाढवणं, डोंगरात लढणाऱ्या डिव्हिजन उभ्या करणं, संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखणं अशी मोठी कामं हातात घेतली. आपल्याकडे 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' एवढंच वाक्य पाठ असतं, पण त्या वाक्याच्या मागे हे सगळं कंटाळवाणं वाटणारं ऑफिसातलं काम आहे आणि मला ते जास्त मोठं वाटतं. १९७१ ला तिन्ही दलं छान एकत्र लढली, ४ डिसेंबरच्या रात्री नेव्हीच्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला म्हणून आपण तो दिवस नौदल दिन म्हणून पाळतो, पण तेव्हा तिन्ही प्रमुखांचं आपसात जमलं हाही त्यातला मोठा भाग होता. म्हणजे व्यवस्था माणसांवर चालली. माणसं बदलली की काय?

याचं उत्तर १९९९ ला कारगिलमध्ये मिळालं. घुसखोर टेकड्यांवर बसलेत हे उशिरा कळलं, आर्मीने हेलिकॉप्टरची मदत मागितली तर एअरफोर्सचं म्हणणं की हवाई ताकद वापरायची तर आधी सरकारची परवानगी हवी, दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, पण त्यात दिवस गेले आणि हवाई हल्ले सुरू झाले ते २६ मे ला. जवानांनी अफाट पराक्रम करून शिखरं परत घेतली. पण युद्ध संपल्यावर लगेच जुलैच्या शेवटी के. सुब्रह्मण्यम यांची कारगिल आढावा समिती नेमली गेली, वर्षअखेर रिपोर्ट आला, २००० च्या फेब्रुवारीत संसदेत मांडला. आपल्या देशात युद्धानंतर एवढ्या लवकर आणि एवढा उघडपणे रिपोर्ट येणं ही मोठीच गोष्ट होती. त्यावर मंत्रिगट बसला, अडवाणी त्याचे प्रमुख, आणि त्याच्या खाली चार टास्क फोर्स. त्यातला सीमा सांभाळण्याच्या विषयावरचा टास्क फोर्स माधव गोडबोले यांच्याकडे होता, आपले मराठी सनदी अधिकारी, माजी केंद्रीय गृहसचिव. २००१ मध्ये मंत्रिगटाने स्पष्ट सांगितलं की तिन्ही दलांच्या वतीने सरकारला एकच सल्ला देणारा एक माणूस पाहिजे, चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, म्हणजे सीडीएस.

आणि मग अठरा वर्षं गेली. त्या अठरा वर्षांत काहीच झालं नाही असं नाही, तिन्ही दलांचा एकत्रित स्टाफ दिल्लीत उभा राहिला, अंदमान-निकोबारला पहिला तिन्ही दलांचा मिळून कमांड, म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखालचा सैन्याचा विभाग झाला, अण्वस्त्रांसाठी वेगळा कमांड झाला, पण ज्या माणसासाठी हे सगळं उभं केलं ती खुर्चीच रिकामी. सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, कोणी म्हणायचं सहमती नाही, कोणी म्हणायचं अजून एक कमिटी बसवूया. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली, तिच्या ९९ शिफारशींपैकी ६५ आर्मीसंबंधीच्या शिफारशी पुढच्या वर्षी मान्य झाल्या, त्यात मिलिटरीच्या दुधाच्या डेअऱ्या बंद करण्यापासून ते जवळजवळ ५७ हजार पदं ऑफिस वगैरेच्या कामातून काढून लढाईच्या कामाकडे वळवण्यापर्यंत बरंच होतं. शेवटी १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून सीडीएसची घोषणा झाली आणि १ जानेवारी २०२० ला जनरल बिपीन रावत पहिले सीडीएस झाले.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो की सीडीएस म्हणजे तिन्ही दलांचा बॉस. तसं नाहीये. तो संरक्षणमंत्र्यांचा तिन्ही दलांच्या एकत्रित विषयांवरचा मुख्य लष्करी सल्लागार, तिन्ही प्रमुखांच्या समितीचा कायमचा अध्यक्ष, आणि मंत्रालयातल्या लष्करी व्यवहार विभागाचा सचिव, हे तिन्ही आहे, पण आर्मी चीफला किंवा एअर चीफला तो लढाईचा हुकूम देऊ शकत नाही. तिन्ही दलांना मिळून लागू होतील असे संयुक्त आदेश काढायचा अधिकारसुद्धा त्याला जून २०२५ मध्ये मिळाला, त्याआधी तिन्ही दलांचे वेगवेगळे कागद निघायचे. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात रावत गेले, आणि त्यानंतर जनरल अनिल चौहान येईपर्यंत जवळजवळ दहा महिने ही खुर्ची रिकामी राहिली. ज्या पदाला आपण एवढं महत्त्वाचं म्हणतो ते दहा महिने रिकामं ठेवता येतं हे मला आजही पटत नाही.

एक गोष्ट कोणी फारशी सांगत नाही पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते. आर्मीचा कायदा १९५० चा, एअरफोर्सचा १९५० चा, नेव्हीचा १९५७ चा, तिघांचे वेगवेगळे. त्यामुळे समजा अंदमानच्या संयुक्त कमांडचा प्रमुख नेव्हीचा ॲडमिरल असेल आणि त्याच्या हाताखालच्या आर्मीच्या जवानाने शिस्त मोडली, तर ॲडमिरल त्याच्यावर स्वतः कारवाई करू शकत नव्हता, त्या जवानाला परत त्याच्या दलाकडे पाठवायचं आणि तिथे कारवाई व्हायची. ज्याच्या हाताखाली माणूस काम करतो त्यालाच शिस्तीचा अधिकार नाही! हे बदलायला २०२३ मध्ये कायदा करावा लागला, तो १० मे २०२४ पासून लागू झाला. अंदमानचा कमांड २००१ चा आहे हे लक्षात घ्या. अशा छोट्या वाटणाऱ्या कायद्यांशिवाय मोठ्या घोषणा नुसत्या घोषणाच राहतात.

आता थिएटर कमांड. सध्या देशात एकेका दलाचे मिळून १७ कमांड आहेत, आर्मीचे ७, एअरफोर्सचे ७, नेव्हीचे ३. पूर्वेकडचंच बघा, आर्मीचा ईस्टर्न कमांड कोलकात्याला, एअरफोर्सचा शिलाँगला, नेव्हीचा विशाखापट्टणमला. तीन शहरं, तीन प्रमुख, तिघांचे तीन प्लॅन, आणि तिघांना जोडणारी जागा थेट दिल्ली. थिएटर कमांडची कल्पना अशी की सीमेप्रमाणे वाटणी करायची, चीनकडची बाजू एका कमांडरकडे, पाकिस्तानकडची एकाकडे, समुद्र एकाकडे, आणि त्या त्या कमांडरच्या हाताखाली तिन्ही दलांची माणसं, विमानं, जहाजं सगळं. मग तिन्ही दलांच्या प्रमुखांचं काम उरतं भरती, ट्रेनिंग, सामान देण्याचं, आणि लढाई थिएटर कमांडर लढणार. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने हे पक्कं केलं, चीनने २०१६ मध्ये पाच थिएटर केले.

यावर एअरफोर्सचा आक्षेप आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या मंजूर आहेत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हातात उरल्या फक्त २९. एवढी कमी विमानं वेगवेगळ्या कमांडरमध्ये वाटून टाकली तर जिथे गरज पडेल तिथे पटकन वळवणार कशी, विमान सकाळी एका सीमेवर आणि दुपारी दुसऱ्या सीमेवर जाऊ शकतं हीच तर त्याची ताकद. एअर चीफ ए. पी. सिंग यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या महूला उघडपणे सांगितलं की घाई करू नका, नेव्हीच्या प्रमुखांनी मात्र त्याच ठिकाणी थिएटरच्या बाजूने बोलणं केलं. काही जणांना हे भांडण वाटलं, मला उलट बरं वाटलं. बंद खोलीत फाइलवर शेरे मारून अठरा वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये एअरफोर्सची हवाई संरक्षणाची यंत्रणा आणि आर्मीची तशीच आकाशतीर नावाची यंत्रणा एकमेकांना जोडलेली होती, म्हणजे आकाशात येणारं ड्रोन एकाने बघायचं आणि ज्याची तोफ जवळ त्याने पाडायचं, असं. एकत्र काम केलं की काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. माझं मत विचाराल तर थिएटर व्हावेत, पण स्क्वाड्रनचा आकडा वाढवण्याचं वेळापत्रक त्याच्या सोबत यावं, नाहीतर आपण कमी विमानांची नवीन पद्धतीने वाटणी करत बसू.

हे झालं लढण्याचं. आता बनवण्याचं, म्हणजे अंबरनाथ. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद झालं आणि देशातल्या ४१ फॅक्टऱ्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. शेजारीशेजारी असलेल्या आपल्या दोन फॅक्टऱ्या दोन वेगळ्या कंपन्यांत गेल्या, दारूगोळ्याला लागणारं धातूचं काम करणारी ऑर्डनन्स फॅक्टरी यंत्र इंडियाकडे, तिचं मुख्यालय नागपूरला, आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, तिचं मुख्यालय चेन्नईजवळ आवडीला. हे का केलं? आधी फॅक्टरी हे सरकारी खातंच होतं, आर्मी ऑर्डर द्यायची, फॅक्टरी बनवायची, किंमत जास्त झाली, माल उशिरा आला किंवा क्वालिटीची तक्रार आली तरी आर्मीला दुसरीकडे जाता येत नव्हतं आणि फॅक्टरीला बाहेर विकायची मोकळीक नव्हती. विजय केळकर समितीने ही कंपनी करायची शिफारस २००० च्या दशकातच केलेली होती. इथेही तोच प्रश्न, जबाब कोण देणार, आणि कंपनी झाली की ताळेबंद असतो, संचालक मंडळ असतं, नफा-तोटा लपत नाही. हे मला पटतं.

पण कामगारांची बाजूसुद्धा पटते. सत्तर हजाराच्या आसपास माणसं एका सहीने खात्यातून कंपनीत प्रतिनियुक्तीवर गेली, ती प्रतिनियुक्ती आधी दोन वर्षांची, मग वाढवली, परत वाढवली. युनियननी संपाचा इशारा दिला तर जून २०२१ मध्ये अध्यादेश आणि ऑगस्टमध्ये कायदा करून सरकारने संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालायचा अधिकारच तेव्हा हातात घेतला. नोकरी जाणार नाही, पेन्शन जाणार नाही असं सरकारने सांगितलंय, पण घराचं कर्ज काढलेल्या माणसाला 'सांगितलंय' पुरत नाही, त्याला मुदतीशिवायचं लेखी पाहिजे असतं. अंबरनाथ-बदलापूरमध्ये अशी कितीतरी घरं आहेत जिथे वडील आणि मुलगा दोघेही फॅक्टरीत, आणि त्यांना सुधारणा करणाऱ्यांनी समोर बसून समजावणं हा त्या सुधारणेचाच भाग होता असं मला ठामपणे वाटतं.

त्याच अंबरनाथमध्ये डीआरडीओच्या नेव्हल मटेरियल्स लॅबने पाणबुडीसाठी एआयपी म्हणून यंत्रणा बनवलीये. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला थोड्या थोड्या वेळाने वर यावं लागतं आणि वर आली की ती दिसते, एआयपी असेल तर ती बराच जास्त काळ खाली राहू शकते. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची महत्त्वाची चाचणी झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव डॉकबरोबर साधारण १,९९० कोटींचा करार झाला. चाचणीपासून करारापर्यंत पावणेचार वर्षं. लॅब आहे, गोदी आहे, दोन्ही आपल्याच महामुंबईत, वेळ जातो तो मधल्या मंजुऱ्यांमध्ये, आणि म्हणून खरेदीचे नियम सुटसुटीत करणं ही बातमीत न चमकणारी पण फार मोठी सुधारणा आहे.

पैशांचं थोडक्यात. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटी, त्यात पेन्शन १ लाख ६० हजार कोटी आणि नवीन शस्त्रांसकट भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. म्हणजे शंभरातले साधारण चोवीस रुपये पेन्शनला आणि सव्वीस नवीन सामानाला. पेन्शन हा जवानांचा हक्क आहे, त्यावर बोलायचंच नाही, पण सैन्याचं सरासरी वय कमी करायचं या कारणासोबत हा आकडाही अग्निपथच्या, म्हणजे अग्निवीर भरतीच्या योजनेच्या मागे आहे, सरकार तो फारसा पुढे करत नसलं तरी. १४ जून २०२२ ला योजना आली, चार वर्षं सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख सेवा निधी, पेन्शन नाही. शहापूर-मुरबाडच्या मुलांच्या आईवडिलांना माझं सांगणं एवढंच की मुलगा जात असेल तर अभिमानाने पाठवा पण २५ टक्के हा आकडा समोर ठेवून पाठवा, चार वर्षांत त्याचं पुढचं शिक्षण चालू राहील असं बघा, आणि अर्धसैनिक दलांतलं माजी अग्निवीरांचं आरक्षण प्रत्यक्षात किती भरलं जातं ते विचारत राहा.

आता समुद्र. हा भाग मला सगळ्यात जवळचा, कारण इथे चूक झाली की काय होतं ते आपण दोनदा भोगलंय. १९९३ ला आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी-दिघीला उतरलं. २००८ ला २६/११ चे दहा दहशतवादी कुबेर नावाची मासेमारीची बोट पळवून आले आणि रबरी बोटीतून मच्छीमार कॉलनीजवळ उतरले, तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं. म्हणजे जे सगळ्या यंत्रणांना दिसलं नाही ते मच्छीमारांना दिसलं, पण त्यांनी बघितलेलं तिथून पुढे नेणारी वाटच तयार नव्हती. नंतर राज्य सरकारने या हल्ल्याच्या चौकशीसाठी राम प्रधान समिती नेमली, हे तेच राम प्रधान जे १९६२ ला चव्हाणांबरोबर त्यांचे खासगी सचिव म्हणून दिल्लीला गेले होते. इशारे आधी आलेले होते पण ते हाताळण्यात गोंधळ होता, ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, असं त्या समितीच्या कामातून पुढे आलं.

त्यानंतर २००९ मध्ये समुद्री सुरक्षेची एकूण जबाबदारी नेव्हीकडे दिली, मुंबईत नेव्ही-कोस्टगार्ड-पोलीस एकत्र बसतील असं केंद्र झालं, नेव्हीचं सागर प्रहरी बल झालं, मुंबईत एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचा तळ आला कारण २६/११ ला कमांडो दिल्लीकडून यायला रात्र गेली होती, आणि राज्याने फोर्स वन ही पोलिसांची कमांडो तुकडी उभी केली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत सागरी पोलीस, पुढे कोस्टगार्ड, सगळ्यांवर नेव्ही, शिवाय बंदरात सीआयएसएफ हे केंद्राचं सुरक्षा दल, कस्टम वेगळं. एवढ्या सगळ्यांना बांधायला देशपातळीवर सागरी सुरक्षा समन्वयक नेमला गेला तो २०२२ मध्ये. तेरा वर्षांनी.

हे चालतं का? सप्टेंबर २०१६ मध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, उरणमध्ये शाळेतल्या मुलांनी काळ्या कपड्यातली हत्यारबंद माणसं बघितल्याचं सांगितलं. मुलांनी शाळेत सांगितलं, शाळेने पोलिसांना, आणि त्याच दिवशी नेव्ही, एटीएस, फोर्स वन, एनएसजी सगळे कामाला लागले, हेलिकॉप्टर फिरली. हाताला काही लागलं नाही. पण शाळेतल्या मुलाचा शब्द एवढ्या लवकर एवढ्या वर पोचतो हे २००८ मध्ये शक्य नव्हतं. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी बोट वाहत आली, आत तीन एके-४७, घातपाताचा प्रकार नव्हता असं निघालं, पण ती किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाला दिसली नाही हे खरंच आहे.

लहान बोटी हीच अजूनची मोठी फट. २० मीटरपेक्षा मोठ्या बोटींना ओळख पटवणारं यंत्र सक्तीचं आहे, पण आपल्या कोळीवाड्यांतल्या बहुतेक होड्या त्यापेक्षा लहान. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते योजना सुरू झाली, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून १ लाख बोटींवर इस्रोचं तंत्र वापरलेले ट्रान्सपाँडर बसवायचे. त्याने वादळाचा इशाराही मिळतो आणि संकटात मदतही मागता येते, म्हणजे नाखव्यालाही फायदा, म्हणून ही योजना टिकेल असं वाटतं. करंजा, मोरा, दिवाळे, सारसोळे, वाशी, इथल्या मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या किती बोटींवर ते बसलं, किती चालू आहेत, बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार, हे मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी विचारावं.

आणि समुद्रावर, खाडीत, जेट्टीवर काही वेगळं दिसलं तर सागरी पोलिसांचा नंबर १०९३, कोस्टगार्डचा १५५४, काहीच आठवलं नाही तर ११२. फोनवर जागा, वेळ, बोटीचा रंग, तिच्यावरचा नंबर दिसला असेल तर तो, किती माणसं होती आणि बोट कुठल्या दिशेने गेली एवढं सांगायचं. फोटो मिळाला तर तो आधी ग्रुपवर नाही, पोलिसांना द्यायचा.